फेलोशिपची जागा आणि घरातला सल्ला



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि जामीनकी यांविषयी असतात. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न तीन-चार घरांतून आला. मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत सर्जन होत आहे, जनरल सर्जरीची रेसिडेन्सी संपत आली आहे, आता एखाद्या विशेष शाखेच्या फेलोशिपसाठी अर्ज करायचा आहे. तेथे जागा मिळते ती गुणांवर, ओळखीवर की पैशावर? आणि घरच्यांनी यात नेमके काय करावे?

मला यांतला शेवटचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत कोणताही मोठा निर्णय बैठकीवर होतो. दुकानाचा गाळा घ्यायचा असो वा सोयरीक जुळवायची असो, काका, मामा, थोरले बंधू, फोनवर सुरतेचे आत्याजी, सर्वांचे मत घेतले जाते. ही रीत चांगलीच आहे. परंतु फेलोशिपच्या व्यवहाराची घडण इतकी वेगळी आहे की व्यापारातला शहाणपणाचा सल्ला तेथे नुकसान करू शकतो. ते कसे, हे समजण्यासाठी एकच शाखा उदाहरणादाखल घेऊ: बालशल्यचिकित्सा, म्हणजे पीडियाट्रिक सर्जरी.

या शाखेची वाट फार लांब आहे. तेथे जन्मलेल्या मुलाचा हिशेब मांडला तर चार वर्षे कॉलेज, चार वर्षे वैद्यकीय शिक्षण, पाच वर्षे जनरल सर्जरी आणि त्यानंतर दोन वर्षांची ही फेलोशिप. शिवाय या शाखेची इच्छा धरणारे पुष्कळजण रेसिडेन्सीच्या मध्येच एक-दोन वर्षे बाजूला काढून संशोधन करतात, कारण त्यावाचून अर्ज फिका पडतो. म्हणजे वयाच्या पस्तिशीला माणूस शिकाऊच असतो. (पस्तिशीत आपल्याकडचा मुलगा दुसरी शाखा उघडून बसलेला असतो, हे त्याच्या आजोबांना सांगताना मात्र बेताने सांगावे.) एवढी वर्षे घालून अर्ज केल्यावर जागा किती? अमेरिका आणि कॅनडा मिळून वर्षाला साधारण चाळीस ते पन्नास. बहुतेक रुग्णालयांत वर्षाला एकच उमेदवार घेतात. अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना जागा मिळते, बाकीचे हात हलवीत परततात. आणि हे परतणारे कोणी सामान्य विद्यार्थी नसतात, ते पूर्ण तयार झालेले सर्जन असतात.

जागा वाढवत का नाहीत, असा प्रश्न व्यापारी मनाला पडणारच. मागणी आहे तर पुरवठा वाढवावा. परंतु येथे कच्चा माल म्हणजे दुर्मीळ आजाराची बालके. अन्ननलिका जन्मतःच जोडलेली नसणे हा दोष साधारण तीन-चार हजार जन्मांत एकदा आढळतो. पित्तनलिका बंद असणे त्याहून विरळ. दोन किलोच्या अर्भकावर अशी शस्त्रक्रिया करायची तर हाताला सवय हवी, आणि सवय होण्याइतकी बालके एका रुग्णालयात मोजकीच येतात. एकाच्या जागी दोन शिकाऊ घेतले तर दोघेही अर्धेकच्चे राहतील. म्हणून कोणत्या रुग्णालयाने किती घ्यावेत यावर मान्यता देणाऱ्या संस्थेची मर्यादा असते. जागा कमी असण्याचे हे एक कारण मला पटते.

आता निवड कशावर होते ते पाहू. कागदावर मोजता येण्यासारख्या गोष्टी आहेत: परीक्षांचे गुण, संशोधनाचे निबंध, केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद. पण गुणांचे वजन दिवसेंदिवस घटत आहे. डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, ज्याच्या गुणांवर पूर्वी बरेच काही ठरे, तो २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाला. रेसिडेन्सीत दर वर्षी होणारी सर्जरीची एक परीक्षा आहे, तिचे गुण फेलोशिपवाले पाहतात. ती परीक्षा मुळात शिकणाऱ्याची प्रगती कळावी म्हणून काढलेली. निवडीची चाळणी म्हणून ती वापरणे हा तिचा मूळ हेतू नव्हे. शिवाय अर्ज करणारे बहुतेक सर्वच हुशार असल्याने गुणांमुळे कोणाला वगळावे हे कळते, कोणाला घ्यावे हे कळत नाही.

घ्यावे कोणाला, हे ठरवणाऱ्या गोष्टी दोन. मुलाखत आणि शिफारसपत्र. निवड करणाऱ्या कार्यक्रमप्रमुखांची मते तेथे वेळोवेळी अधिकृतपणे विचारली जातात. त्यांत मुलाखतीतील प्रत्यक्ष वागणूक आणि त्याच शाखेतल्या जाणकारांची पत्रे यांना सातत्याने मोठे स्थान मिळते.

शिफारसपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नगरसेवकाचे पत्र येते. हे तसे नव्हे. ज्यांनी जुने बँक व्यवहार पाहिले आहेत त्यांना एक दाखला चटकन कळेल. परगावच्या पेढीला माल उधार द्यायचा असेल तर आपली बँक त्यांच्या बँकेकडे गोपनीय अभिप्राय मागवी. उत्तर दोन-तीन ओळींचे असे, आणि त्याची एक ठरीव भाषा होती. ‘पार्टी आदरणीय, व्यवहारात चोख, नमूद रकमेस उत्तम’ हे एक. ‘व्यवहार आजवर समाधानकारक’ हे दुसरे. वाचणारा अधिकारी दुसऱ्या वाक्यावर थांबे. त्यात निंदेचा एक शब्द नसे, तरी त्याला जे समजायचे ते समजे. फेलोशिपची पत्रे नेमकी अशीच वाचली जातात. ‘मेहनती व मनमिळाऊ आहे’ एवढेच लिहिले असेल तर वाचणारा पुढचा अर्ज उचलतो. ‘माझ्या इतक्या वर्षांच्या कारकिर्दीतील पहिल्या दोघा-तिघांत हिची गणना करीन, आणि हिला माझ्याच विभागात परत घेईन’ असे असेल तर तो लिहिणाऱ्याचे नाव पुन्हा पाहतो. कारण वजन लिहिणाऱ्याच्या पतीचे असते. बालशल्यचिकित्सकांचे वर्तुळ लहान आहे, बहुतेक एकमेकांना ओळखतात. आज वाढवून लिहिले तर उद्या त्याच्या शब्दाला बट्टा लागतो. शिवाय अंतिम यादी करण्यापूर्वी फोनही होतात. ‘रात्री दोन वाजता अर्भक बिघडले तर ही कशी वागते?’ असे थेट विचारले जाते.

हुंडीच्या काळात आपल्या वाडवडिलांनी ज्या साखेवर व्यवहार केले त्याचेच हे रूप आहे, हे मान्य करायला हवे. आणि त्या साखेचा दोषही यात आहे. ज्याच्या रुग्णालयात नामवंत बालशल्यचिकित्सक आहेत त्याला पत्र सहज मिळते. ज्याची रेसिडेन्सी लहान गावच्या रुग्णालयात झाली, जेथे ही शाखाच नाही, त्याचा हात कितीही चांगला असला तरी तो हात पाहणारा साक्षीदार नाही. संशोधनाच्या दोन वर्षांचेही तसेच. तेवढा काळ कमाई पुढे ढकलणे सर्वांना परवडत नाही, डोक्यावर शिक्षणकर्ज असेल तर मुळीच नाही. म्हणजे निवड गुणवत्तेची असली तरी गुणवत्ता दाखवण्याची संधी सर्वांना सारखी नसते. तेथील जाणती मंडळीही हे बोलून दाखवतात. २०२० च्या साथीनंतर पुष्कळ शाखांत मुलाखती पडद्यावर होऊ लागल्या, त्यामुळे गावोगावच्या विमानभाड्याचा बोजा तरी उतरला. पण पडद्यावर माणूस किती कळतो, याविषयी मतभेद आहेत.

येथे घरच्यांच्या पहिल्या सूचनेचा निकाल लावून टाकतो. ‘तेथे आपला कोणी ट्रस्टी, देणगीदार आहे का, एखादा शब्द टाकता येईल का?’ कृपा करून हे करू नये. ही जागा विकत घेण्याची नाही. फेलोला तेथे फी भरावी लागत नाही, उलट रुग्णालयच त्याला वेतन देते. ज्याने त्या मुलीला शस्त्रक्रियागृहात पाहिलेले नाही अशा माणसाचा फोन आला की ऐकणाऱ्याच्या मनात एकच विचार येतो: हिला स्वतःच्या गुरूंचा शब्द पुरेसा वाटला नाही की काय? इतक्या लहान वर्तुळात ती गोष्ट झाकून राहत नाही.

दुसरी सूचना अधिक समंजस दिसते, म्हणून अधिक धोक्याची आहे. ती समजण्यासाठी जागावाटपाची पद्धत पाहावी लागेल.

अमेरिकेत १९४० च्या दशकात शिकाऊ डॉक्टर नेमण्याची विलक्षण चढाओढ होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने नेऊ नये म्हणून रुग्णालये त्यांना पदवीच्या दोन-दोन वर्षे आधीच बांधून घेऊ लागली. १९४५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांनी ठराविक तारखेआधी विद्यार्थ्यांची माहिती देणे बंद केले. तेव्हा चढाओढीने दुसरी वाट धरली: ‘जागा देतो, पण उत्तर लगेच द्या.’ विचाराला आधी दहा दिवस मिळत, ते घटत गेले. १९४९ मध्ये बारा तासांची मुदत सुचवली गेली, ती सुद्धा रुग्णालयांच्या संघटनेला जास्त वाटली! तेजीच्या बाजारात ‘भाव हा, हो की नाही आत्ता सांगा’ म्हणणारा दलाल आपण पाहिला आहे, तसेच झाले. अखेर १९५२ मध्ये साऱ्यांनी मिळून एक मध्यवर्ती व्यवस्था उभी केली. तिलाच आज ‘मॅच’ म्हणतात. चालवणाऱ्या संस्थेचे नाव नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम. बालशल्यचिकित्सेची फेलोशिपही तिच्यामार्फतच मिळते. नेत्रचिकित्सेसारख्या काही शाखांची व्यवस्था सॅन फ्रान्सिस्कोतील दुसरी संस्था पाहते.

माझ्यासारख्याला ही व्यवस्था पाहताच क्लिअरिंग हाउस आठवते. प्रत्येक बँकेचा माणूस दुसऱ्या बँकेत चेक घेऊन धावण्याऐवजी सर्वांनी एका ठिकाणी यावे, तशी ही रीत. मुलाखती आटोपल्यावर उमेदवार आपल्या पसंतीच्या क्रमाने रुग्णालयांची यादी लिहून देतो. रुग्णालय आपल्या पसंतीच्या क्रमाने उमेदवारांची यादी देते. दोघांच्या याद्या एकमेकांना दिसत नाहीत. तू आम्हाला कितवा क्रमांक देणार, असे उमेदवाराला विचारण्याची रुग्णालयास नियमाने मनाई आहे. मग संगणक जुळवणी करतो, आणि जी जागा निघेल ती दोघांनाही बंधनकारक असते. परवानगीवाचून मोडली तर पुढील व्यवहाराला बंदी येऊ शकते.

जुळवणी होते कशी? क, ख, ग हे तीन डॉक्टर आणि बॉस्टन, शिकागो, ह्यूस्टन येथे एकेक जागा असे समजा. क आणि ख या दोघांची पहिली पसंती बॉस्टन, ग ची शिकागो. बॉस्टनच्या यादीत ख चा क्रमांक क च्या वर आहे, म्हणून बॉस्टन ख ला राखून ठेवते आणि क ला नकार येतो. क दुसऱ्या पसंतीकडे, शिकागोकडे जाते. तेथे ग आधीच बसलेला आहे. आपल्याला वाटेल, गेली संधी! पण नाही. ग ला शिकागोने केवळ राखून ठेवले आहे, पक्के केलेले नाही. शिकागोच्या यादीत क वर असेल तर ग ला उठावे लागते आणि जागा क ला मिळते. ग मग बॉस्टनला जातो. बॉस्टनला तो ख पेक्षा अधिक पसंत असेल तर ख उठतो आणि ह्यूस्टनकडे वळतो. कोणाचेच हलणे उरले नाही की सारे एकदम पक्के. बँकेत बाहेरगावचा चेक खात्यावर जमा दाखवतात पण ‘वसुलीच्या अधीन’, तशीच प्रत्येक जागा शेवटपर्यंत अधीन असते.

आता मुद्द्याची गोष्ट. क ने आधी बॉस्टन लिहिले म्हणून तिची शिकागोची संधी काडीइतकीही घटली नाही. उशिरा पोहोचली तरी तिचे स्थान शिकागोच्या यादीतल्या क्रमांकाने ठरले, आधी कोण आले यावर नव्हे. आणि घरची दुसरी सूचना नेमकी याच्या उलट असते: ‘बॉस्टनवाले तुला कशाला घेतील? शिकागोवाल्यांनी गोड बोलून पाठवले आहे, ते पहिले लिही, म्हणजे हातचे जाणार नाही.’ बाजारात हा सल्ला खरा. तेथे मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागून लहान गिऱ्हाईक खरोखरच दुसऱ्या दुकानी जाते. या व्यवस्थेत मात्र शिकागो पहिले लिहिल्याने शिकागो मिळण्याची शक्यता वाढत नाही. बॉस्टन मिळत असले तर तेवढे मात्र हातून जाते. एकीकडे शून्य लाभ, दुसरीकडे खरा तोटा.

ही माझी मनगढंत थिअरी नव्हे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एका छोट्या निबंधात ही रीत मांडली. त्यांनी विषय घेतला होता महाविद्यालयातील प्रवेश आणि विवाह! आपल्या मासिकाच्या वधू-वर सूचीच्या संपादकांनी तो जरूर वाचावा. पुढे अल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की डॉक्टरांची जुनी जुळवणी जवळपास तशीच होती, फक्त तिची सुरुवात रुग्णालयांच्या बाजूने होत असे. त्यामुळे बारीकसा झुकाव रुग्णालयांकडे राही. रॉथ यांच्याच मदतीने ती सुधारली गेली आणि १९९८ पासून जुळवणी उमेदवारांच्या बाजूने सुरू होते. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तेव्हा हयात नव्हते. या व्यवस्थेवर खटलाही झाला. २००२ मध्ये काही डॉक्टरांनी दावा केला की एकाच ठिकाणी जागा ठरवल्याने वेतनाची घासाघीस करता येत नाही आणि पगार दाबले जातात. तक्रारीत तथ्य होते असे मला वाटते. पण २००४ मध्ये तेथील काँग्रेसने कायदा करून मॅचला संरक्षण दिले.

आपल्याकडे हेच कसे चालते? बालशल्यचिकित्सेच्या एम.सीएच.ला नीट-एसएस ही परीक्षा, तिच्यातला क्रमांक, आणि त्या क्रमाने समुपदेशनात जागा. पत्र नाही, मुलाखत नाही, रुग्णालयाला पसंती विचारण्याचा प्रश्नच नाही. एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांच्या स्वतंत्र परीक्षेत विभागीय चाचणीचा थोडा भाग असतो, एवढाच अपवाद. वशिल्याचा आपला इतिहास पाहता कोऱ्या परीक्षेवरचा हा भर समजण्यासारखा आहे. पण दीडशे प्रश्नांची उत्तरे बरोबर देणाऱ्याचा हात अर्भकाच्या अन्ननलिकेवर स्थिर राहील की नाही, हे ती परीक्षा सांगू शकत नाही. आणखी एक विसंगती पाहा. ज्या शाखेसाठी अमेरिकेत एवढी रांग लागते, तिच्याच जागा आपल्याकडे समुपदेशनानंतर रिकाम्या राहतात. लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत कष्ट फार, खासगी कमाई तुलनेने थोडी आणि मोठ्या शहराबाहेर सोयी नाहीत, हे तरुण डॉक्टरांना पक्के माहीत आहे.

एक इशारा स्वतंत्रपणे देतो. येथे एम.एस. झालेल्या मुलाला ‘थेट फेलोशिप’ मिळवून देतो म्हणणारे सल्लागार हल्ली शहरोशहरी बसले आहेत. या शाखेच्या मान्यताप्राप्त जागांसाठी सर्वसाधारणपणे तिकडचीच जनरल सर्जरी रेसिडेन्सी लागते. काही मोठी रुग्णालये परदेशी सर्जनांना वर्ष-दोन वर्षांच्या निराळ्या जागा देतात. तेथे शिकायला पुष्कळ मिळते, पण त्यावर तिकडच्या बोर्डाचे प्रमाणपत्र मिळेलच असे नाही. पैसे देण्याआधी हा फरक लेखी विचारून घ्यावा. तसेच जे-१ व्हिसावर गेलेल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट लागू होते, किंवा डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी पत्करून ती माफ करून घ्यावी लागते. हे सारे पहिल्या दिवशीच हिशेबात धरावे.

आता यादी लिहिणारीच्या घरच्यांसाठी. तिच्या क्रमात निव्वळ रुग्णालयाचे नाव असेल असे नाही. पतीची नोकरी कोठे आहे, मूल लहान आहे का, हाताखाली शस्त्रक्रिया करू देणारे गुरू कोठे आहेत, गावात देरासर आणि चार आपली घरे आहेत का, हेही त्यात येईल आणि यायला हवे. मुलाखतीत विवाह व मुलाबाळांविषयी विचारणे तेथे वर्ज्य आहे. रुग्णालयाला जे विचारण्याची मुभा नाही, ते आपण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारत असतो! विचारावे, पण क्रमांक तिला लिहू द्यावा. एकच खबरदारी सांगण्यासारखी आहे. जेथे मुळीच जायचे नाही ते नाव यादीत घालू नये, कारण निकाल बंधनकारक असतो. आणि जेथे जायची तयारी आहे ते नाव, आवड कमी असली तरी, वगळू नये. यादी लांब असल्याने वरच्या जागांचे काही बिघडत नाही.

निकाल ठरलेल्या दिवशी तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बारा वाजता लागतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. चौविहार होऊन गेलेला असल्याने पेढे दुसऱ्या दिवशीच वाटता येतात. जागा मिळाली नाही तर पुढे काय, हे मात्र त्या रात्री विचारू नये. मार्ग तिला ठाऊक असतात: अतिदक्षता शल्यचिकित्सेचे एखादे वर्ष करून पुन्हा अर्ज करणे, बालशल्यचिकित्सेच्या विभागात संशोधनाला राहून नवे साक्षीदार मिळवणे, किंवा जनरल सर्जन म्हणून सन्मानाने काम सुरू करणे. दुसऱ्या खेपेस जागा मिळालेले सर्जन त्या शाखेत आहेत. पुन्हा अर्ज करायचा की नाही हे ठरवण्याआधी तिने आपल्या शिफारसकर्त्यांना भेटून एकच प्रश्न विचारावा, ‘माझ्याविषयी फोन आला तेव्हा आपण काय सांगितलेत?’ त्याचे खरे उत्तर मिळाले तर पुढच्या वर्षाचा निर्णय त्यावरून घेता येतो.